फवारणीआधी मोजा, फवारणीनंतरही मोजा

सांवेरच्या रस्त्यावर आमची साडेसहा बिघे काळी जमीन आहे. मी राहते इंदुरात, रामबागेत. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि सासरे गेल्यावर शेताकडे बघायची जबाबदारी माझ्याकडे आली. खरिपात सोयाबीन, थंडीत अर्धा गहू आणि अर्धा हरभरा, विहिरीजवळ घरापुरती वांगी आणि कोबी.

पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, गव्हाच्या ओंब्यांवर मावा, म्हणजे घोळक्याने बसून रस पिणारी बारीक मऊ कीड, चढला. मालव्यात त्याला माहू म्हणतात. त्या माव्याच्या गर्दीत काळपट, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या लांबट अळ्या भराभर फिरत होत्या. आमचा बटाईदार म्हणाला, "भाभी, माहू तो ठीक है, पर ये काली इल्ली बाली खा जाएगी." मलाही ते पटलं. दुकानातून दोन विषांचं तयार मिश्रण आणलं, पंप भरले, फवारलं. तिसऱ्या दिवशी शेत स्वच्छ झालं. मावा नाही, काळी इल्ली नाही.

सोळाव्या दिवशी मावा परत आला आणि या वेळी तो खालच्या पानांपासून ओंबीपर्यंत होता. फेब्रुवारीचं ऊन वाढत होतं आणि त्याला खाणारं शेतात कुणीच उरलं नव्हतं. ती काळी काटेरी इल्ली म्हणजे ढालकिड्याची, लेडीबर्डची, अळी होती. पुस्तकात लाल पाठीच्या प्रौढ किड्याचं चित्र असायचं, तेच मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत आले. त्याची अळी मी एकाही वर्गाला दाखवली नव्हती, आणि स्वतःच्या शेतात ती समोर आली तेव्हा मी तिला विष घातलं. ही गोष्ट मला अजून सलते. तेव्हापासून मी जी रीत पाळते ती इथे लिहिते आहे.

आधी ओळख

ढालकिड्याचे चार अवतार ओळखता आलेच पाहिजेत. अंडी पिवळी, लांबट, पानाच्या खालच्या बाजूला दहा-वीसच्या पुंजक्यात उभी चिकटवलेली, बहुतेक वेळा माव्याच्या जवळच. अळी वर सांगितलीच आहे. सुसरीचं अगदी छोटं पिल्लू पानावर चालतंय असं वाटतं. कोष पानाला शेपटीकडून चिकटलेला, नारिंगी-काळा, न हलणारा. बरेच जण तो रोग समजून पान तोडून टाकतात. आणि मग प्रौढ. आमच्याकडे सात ठिपक्यांचा मोठा, आणि पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला लहान, हे दोन सर्वांत जास्त दिसतात. खाण्याचं मुख्य काम अळी करते. कोषात जाईपर्यंत एक अळी काहीशे मावा फस्त करते.

क्रायसोपा, म्हणजे जाळीदार पंखांचा नाजूक हिरवा किडा, ओळखायचा तो अंड्यावरून. केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर एकेक पांढरं-हिरवट अंडं, जणू पानाला टाचण्या टोचल्यात. बुरशी म्हणून पुसून टाकू नका. त्याची अळी करडी, तोंडाला वाकडे चिमटे. मावा, तुडतुड्यांची पिल्लं, पतंगांची अंडी, जे मऊ मिळेल ते शोषून घेते.

सिरफिड माशी फुलांवर हवेत एका जागी थबकून राहते आणि मधमाशीसारखी पट्टेरी दिसते, पण पंखांची जोडी एकच. तिची अळी बिनपायांची, हिरवट, गोगलगाईच्या पिलासारखी लिबलिबीत. तीसुद्धा माव्यावरच जगते आणि नेमकी तीच लोक चिमटीत धरून चिरडतात.

सोयाबीनमध्ये भक्षक ढेकूण शोधा. खांद्यावर दोन अणकुचीदार काटे असलेला, तपकिरी, पिल्लं लाल-काळी. तो अळीच्या अंगात सोंड खुपसतो आणि तिला तशीच लोंबकळत ठेवून शोषतो. सोयाबीनच्या शेंगांचा रस पिणारे ढेकूणही असतात, म्हणून सोंडेकडे बघायचं. भक्षकाची सोंड जाड आखूड, रस पिणाऱ्याची बारीक आणि लांब. याखेरीज कोळी, प्रार्थना कीटक, चतुर आणि जमिनीवर रात्री धावणारे काळे भुंगेरे हे तुम्हाला ठाऊक आहेतच.

आणखी एक खूण फार मोलाची. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, चकचकीत आणि न हलणारे दिसतात. त्यांच्या पोटात एका इवल्या गांधीलमाशीची अळी वाढत असते. असे फुगे पाच-दहा दिसले तर आपल्याला न विचारता काम सुरू झालेलं आहे असं समजा.

विष आधी कुणाला लागतं

आपण सगळे त्याला औषध म्हणतो. मीही बोलताना म्हणते, पण वहीत विष लिहिते, कारण शब्दाने हात जरा आखडतो.

मावा एका जागी बसून रस पितो. ढालकिडा आणि त्याची अळी दिवसभर पानापानावर हिंडतात, म्हणजे पानावर पडलेलं विष पायांनी गोळा करत फिरतात. त्यात विष लागलेले मावे खातात, म्हणजे पोटातूनही घेतात. वाचलेल्या माव्याला नर लागत नाही, अंडी घालावी लागत नाहीत. मादी थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला तीन आठवडे लागतात, जानेवारीच्या थंडीत त्याहून जास्त. शिवाय मावा पुरेसा वाढल्याशिवाय तो परत येतच नाही, कारण त्याने खायचं काय? म्हणून फवारणीनंतर शत्रू आधी परततो आणि मित्र उशिरा.

मेला नाही म्हणजे वाचला असंही नाही. विषाचा थोडा अंश लागलेला किडा सुस्त होतो, सावज शोधू शकत नाही, अंडी कमी घालतो. हे मेलेल्या किड्यांच्या मोजणीत दिसत नाही, पुढच्या पिढीच्या मोजणीत दिसतं.

हे आपल्या गल्लीपुरतं नाही. इंडोनेशियात भातावर फवारण्या वाढल्या तसे तपकिरी तुडतुडे वाढत गेले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण मरत होते. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. आणि सोयाबीनवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली. थायामेथोक्झाम लावलेल्या बियाण्याची रोपं गोगलगाईंनी खाल्ली, गोगलगाईंना काही झालं नाही, पण त्या गोगलगाई खाणारे जमिनीवरचे भुंगेरे मेले किंवा लुळे पडले. गोगलगाई उलट वाढल्या. आपल्याकडे खोडमाशी आणि पिवळ्या मोझॅक रोगासाठी हीच बीजप्रक्रिया सर्रास होते. मीही ज्या वर्षी मोझॅकची भीती असते त्या वर्षी करते, दर वर्षी डोळे झाकून नाही.

मोजायचं कसं

सकाळी साडेसात ते नऊ. दव ओसरलेलं असतं आणि किडे अजून आळसावलेले असतात. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी चार झाडं बघा, म्हणजे वीस झाडं होतात. बांधाजवळची दोन-तीन हातांची पट्टी सोडा, तिथला आकडा फसवतो. झाडाचा शेंडा, मधली पानं, खालची पानं उलटून, आणि शेवटी बुंध्याजवळची जमीन. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे खाणारे आणि उजवीकडे त्यांना खाणारे अशा रेघा ओढत जा.

सोयाबीन दाटल्यावर झाडं एकेक बघणं अवघड जातं. तेव्हा मी जुन्या पांढऱ्या धोतराचा मीटरभर तुकडा दोन ओळींच्या मध्ये पसरते आणि एका बाजूची मीटरभर ओळ त्यावर वाकवून झटकते. अळ्या, ढेकूण, कोळी, सगळं कापडावर पडतं. भराभर मोजायचं, कोळी पळतात. अशी पाच ठिकाणं पुरेत.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेने शिकवलेला ठोकताळा असा, की दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर फवारणीची गरज नाही. अळ्यांसाठी हा मला उपयोगी पडतो. सोयाबीनवर मीटरभर ओळीत उंटअळ्या तीन-चारपेक्षा कमी असतील तर मी पुढचा हिशेब करतच नाही, वही मिटते. हरभऱ्यावर घाटेअळी मीटरला एक-दोन दिसू लागली की जागं व्हायचं.

माव्याला दोनास एक लावण्यात अर्थ नाही, कारण एक ढालकिडा दिवसाला पन्नासेक मावा खाऊ शकतो. तिथे मी एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेत नाही. आज मोजते, चौथ्या दिवशी पुन्हा त्याच पाच जागी मोजते. मावा वाढला पण ढालकिड्याच्या अळ्या त्याहून वेगाने वाढल्या, किंवा तपकिरी फुगे दिसू लागले, तर अजून चार दिवस थांबते. मावा वाढला आणि दुसऱ्या बाजूला काहीच हलत नाही, तर फवारणीचा विचार. हे चार दिवस थांबणं सर्वांत कठीण असतं. शेजारचा पंप सुरू असतो, दुकानदार म्हणतो "ताई, बाद में मत कहना", आणि बटाईदाराचं अर्धं पीक त्यात असतं. म्हणून आमच्यात ठरलंय की मोजणी दोघांनी मिळून करायची. आकडा दोघांच्या डोळ्यांदेखत झाला की भांडण राहत नाही.

डब्यावरचा रंग

डब्यावर चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हिरवा म्हणजे सुरक्षित असं आमच्या भागातले शिकलेले लोकही धरून चालतात. तो रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी यावर ठरतो. ढालकिड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यासाठी आतल्या घटकाचं नाव वाचावं लागतं, जे बारीक अक्षरात असतं. भिंग घेऊन जा, पण वाचा.

नावावरून मी असा अंदाज बांधते. नावाच्या शेवटी 'थ्रिन' आलं, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, तर ते समोर येईल त्याला मारणारं आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट हेही त्याच पंगतीतले. वांग्यावर मी एकदा सायपरमेथ्रिन दोनदा मारलं आणि महिन्याभरात पानं लाल कोळ्यांनी (हे साधे कोळी नव्हेत, पानांचा रस पिणारे अगदी बारीक माइट्स) विणून गेली. तोवर आमच्या वांग्यावर लाल कोळी मी बघितले नव्हते. त्यांना दाबून ठेवणारे भक्षक कोळी मीच संपवले होते. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम झाडाच्या रसात उतरतात, म्हणून फक्त रस पिणाऱ्यालाच बाधतात असं सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. ढालकिड्यांना ती थेट बाधतात, आणि फुलातल्या मधातून व माव्यासारख्या किडी जो चिकट गोड पाझर सोडतात त्यातूनही पोहोचतात. सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या तो पाझर चाटून मरतात हे स्पेनमधल्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं.

दोन घटकांच्या तयार मिश्रणात बहुधा यातल्याच दोन वेगळ्या कुळांची विषं असतात. आमच्या त्या पहिल्या गव्हावरही तेच होतं. एकच कीड असताना मिश्रण कशाला, हा प्रश्न दुकानात जरूर विचारा.

अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल ढालकिडा आणि क्रायसोपा यांना बरंच सौम्य आहे. घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, फक्त घाटेअळीलाच मारतो. संध्याकाळी फवारा, उन्हात तो निकामी होतो. बीटी जिवाणूही असाच निवडक. स्पिनोसॅड ढालकिड्याला सोसतं पण गांधीलमाश्यांना आणि मधमाश्यांना नाही, निदान फवारा ओला असेपर्यंत. माव्यासाठी आणि तुडतुड्यांसाठी फ्लोनिकॅमिड निवडक आहे. मात्र कुठलाही घटक तुमच्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लेबलवर लिहिलेला असेल तरच घ्या, मात्राही लेबलवरचीच. अर्धी मात्रा घालून मित्रकीटक वाचतील असं नाही, किडीला मात्र विषाची सवय होते.

घरगुती ते निर्धोक, हाही समज सोडावा. पाच टक्के निंबोळी अर्क मी वापरते आणि तो बराच सौम्य आहे, पण लहान अळ्यांच्या कात टाकण्यात तो अडथळा आणू शकतो, म्हणून ढालकिड्याच्या अळ्या भरात असताना नाही. तंबाखूचा काढा म्हणजे निकोटीन. तो कुणालाच सोडत नाही, फवारणाऱ्यालाही नाही.

बरणीची परीक्षा

वाचलेल्यावर विश्वास ठेवायचा, तरी आपल्या शेतात विष किती दिवस टिकतं ते स्वतः पाहिलेलं बरं. फवारणीनंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी शेतातली पाच-सहा पानं हातमोजे घालून तोडा. दुसरी तितकीच पानं न फवारलेल्या जागेची. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बरण्या, एकीत ही, दुसरीत ती. प्रत्येकीत लांबच्या बांधावरून आणलेले पाच-पाच ढालकिडे आणि थोडे विष न लागलेले मावे टाका, तोंडाला मलमल बांधा, सावलीत ठेवा. चोवीस तासांनी बघा. मेलेले मोजा, आणि उताणे पडून पाय हलवणारे वेगळे मोजा. साध्या पानांच्या बरणीतही दोन-तीन मेले तर बरणीत उकाडा झाला असेल, परीक्षा पुन्हा घ्या. सातव्या दिवशीही फवारलेल्या पानांवर किडे उताणे पडत असतील तर ते विष पुढच्या खेपेला आणू नका. या बरण्या स्वयंपाकघरात परत न्यायच्या नाहीत. माझ्या पंपाच्या खोलीतच असतात, वर लाल रंगाची फुली मारलेली.

फवारावंच लागलं तर

सगळं शेत कधीच फवारू नका. मावा बहुधा एका कोपऱ्यातून, वाऱ्याच्या बाजूने शिरतो. तेवढाच कोपरा आणि भोवतीच्या दोन-चार ओळी पुरतात. माझ्या गव्हात दर वर्षी विहिरीकडून सुरुवात होते. मोठं क्षेत्र घ्यावंच लागलं तरी मध्ये चार-पाच ओळींची एक पट्टी कोरडी सोडते. तिथून मित्रकीटक परत पसरतात, आणि तुलना करायला न फवारलेली जागाही मिळते. वेळ संध्याकाळची, वारा पडल्यावर. शेजाऱ्याच्या बांधाकडून दहा पावलं अलीकडे थांबा आणि त्यालाही तसंच सांगा.

नंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी पुन्हा तीच पाच ठिकाणं, कोरड्या पट्टीतली दोन वेगळी. हे काम लोक करत नाहीत. फवारलं की हात धुतले. पण चौदाव्या दिवसाचा आकडाच सांगतो की ते विष तुमच्या उपयोगाचं होतं की नाही.

त्यांना राहायला जागा

प्रौढ सिरफिड आणि गांधीलमाश्यांना मध-पराग लागतो, क्रायसोपालाही. आमच्याकडे धने पिकतातच, म्हणून हरभऱ्यात दर आठ-दहा ओळींमागे एक ओळ कोथिंबिरीची सोडते आणि ती फुलू देते. कोथिंबिरीच्या फुलावर येणाऱ्या गांधीलमाश्या घाटेअळीच्या पिलांत अंडी घालतात. बांधावर बडीशेप आणि थोडी मोहरी. मोहरीवर डिसेंबरात मावा येतो. तो गव्हाच्या माव्यापेक्षा वेगळ्या जातीचा, गव्हावर जात नाही, पण ढालकिडे मात्र गव्हाआधी त्याच्यावर वाढून तयार होतात. मोहरीचा मावा बघून कुणी फवारायला निघालं तर मी अडवते.

शेताच्या टोकाला कंपोस्टचे ढीग आहेत. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे इंदुरातच बसवलेली ती पद्धत, काडीकचरा आणि शेणाचे थर देऊन, ओल राखून, वेळोवेळी उलटण्याची. मी खतासाठी सुरू केली. ढीग उलटताना खाली काळे भुंगेरे आणि कोळी किती निघतात ते बघून आता एक ढीग हिवाळाभर हलवतच नाही.

यंदा २२ जानेवारीला विहिरीकडच्या वीस ताटांवर मावा मोजता येईना इतका होता, ढालकिड्याच्या अळ्या ९, तपकिरी फुगे ३. बटाईदार पंप धुऊन बसला होता. २६ तारखेला त्याच ताटांवर अळ्या ३१, फुगे ४०च्या वर. त्याने पंप परत खोलीत ठेवला आणि वहीत पुढचा रकाना स्वतःच्या हाताने आखला.